पाणी कमरेएवढंच आहे

माझ्या टेबलावर एक कागद पडून आहे. त्यावर माझी सही हवी आहे.

सहा वर्षांपूर्वी जॉर्जियात, एका डोंगरी नदीत, माझा धाकटा भाऊ बुडाला. आमच्या रबरी होडीवर जो वाटाड्या होता त्याला तिथल्या न्यायालयानं दोषी ठरवलं. तुरुंग टळला, पण नदीवर पुन्हा काम करायची त्याला मनाई झाली. आता ती मनाई उठावी म्हणून त्यानं अर्ज केला आहे. तिथल्या कचेरीनं आम्हाला विचारलं आहे, मृताच्या घरच्यांची काही हरकत आहे का? भावाच्या मुलीनं हरकत टाइप करून आणली. सही माझी लागते, कारण त्या वेळी जबाब माझा होता. पाण्यात पडल्यावर काय करायचं हे या माणसानं आम्हाला सांगितलंच नाही, असं मी त्या जबाबात म्हटलं होतं.

ते खोटं आहे. त्यानं सांगितलं होतं.

पुतणी नव्या रायपुरात नोकरी करते, रविवारी आईला भेटायला जुन्या शहरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी येते. मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र हिंदीत. "मोठे बाबा, आप बस साइन कर दीजिए, भेज मैं दूँगी," असं म्हणून ती गेली. पुढच्या रविवारी ती परत येईल. तोवर मी हे लिहून काढणार आहे. लिहिताना तरी माणूस स्वतःला थोडं कमी फसवतो, असं वाटतं. कमी, एवढंच.

मी सिंचन खात्यात होतो. चौतीस वर्षं नद्या मोजल्या. महानदी, शिवनाथ, पैरी, आमची खारून. पाणी किती चढलं, किती उतरलं, धार किती वेगाची, हे लिहून वर पाठवायचं. आमच्या नद्या रेतीच्या. पावसाळा सोडला तर हातात काठी घेऊन माणूस या काठावरून त्या काठाला जातो. राजिमला तर पात्राच्या रेतीतच जत्रा भरते. अशा नदीत पाय घसरला तर उपाय एकच. घाबरायचं नाही, पायानं तळ शोधायचा आणि उभं राहायचं. शंभरातल्या नव्वद वेळा पाणी कमरेएवढं निघतं. नव्या आलेल्या कर्मचाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

त्याआधी ते भावाला शिकवलं होतं. तो दहा वर्षांचा असेल, मी सतरा. महादेवघाटावर तो पायरीवरून घसरला आणि खारूनमध्ये हातपाय झाडायला लागला. मी काठावरून ओरडलो, "उभा राहा! अरे, उभा राहा, पाणी कमरेएवढंच आहे!" तो उभा राहिला. पाणी खरोखरच कमरेएवढं होतं. तो नाकातोंडातून पाणी काढत, रडत आणि हसत उभा होता. त्यानंतर आमच्या घरात ती म्हणच पडली. परीक्षेची भीती वाटली, नोकरीत बदली झाली, मुलीचं लग्न मोडलं, की तो स्वतःच म्हणायचा, "दादा, पाणी कमरेएवढंच आहे नं?" आणि मी म्हणायचो, "हव. उभा राहा."

तो शाळेत मास्तर होता. साठीतही माझ्यासमोर पान खात नसे. दादा म्हणाला म्हणजे झालं, असा त्याचा स्वभाव. लोक कौतुक करायचे. मलाही ते आवडायचं, हे कबूल करतो.

आमच्या घरातली आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. आसपासच्या छत्तीसगढी घरांत हे आणखी कडक असतं, आणि माझी भावजय धमतरीकडच्या खेड्यात, त्याच रीतीत वाढलेली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला सदतीस वर्षं झाली. माझ्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि मला उद्देशून एक वाक्य उच्चारलं नाही. मी तीन हातांवर बसलेला असायचो आणि ती माझ्या बायकोला सांगायची, "ताई, त्यांना म्हणा चहा झाला." बायको माझ्याकडे वळून म्हणायची, "ऐकलंत नं?" आम्ही यावर हसायचो. वाईट काही वाटत नसे.

भाऊ निवृत्त झाला तेव्हा पुतणीनं आम्हा चौघांना जॉर्जियाची सहल दिली. तो आणि भावजय, मी आणि माझी बायको. सगळं तिनं इथूनच फोनवर ठरवलं होतं. तिथे एक गाडीवाला होता. त्याला त्याची भाषा आणि रशियन येत होती. इंग्रजीतलं "गुड" आणि "नो प्रॉब्लेम". माझं इंग्रजी फायलींवरचं. वाचता येतं, लिहिता येतं, बोलायची वेळ आली की तोंड कोरडं पडतं. पण चौघांत इंग्रजी मलाच येतं, असं ठरलेलं होतं. जेवण मागवायचं, रस्ता विचारायचा, सगळं माझ्याकडे. कळलं नाही तरी मी मान हलवायचो. दोनदा शाकाहारी म्हणून मांस आलं, तेव्हा बायको म्हणाली, "साहेब, तुमचं इंग्रजी आज फारच जोरात आहे." भाऊ तिच्यावर चिडला, "वहिनी, दादाले काहून बोलता? त्या वेटरलेच येत नाही."

चौथ्या दिवशी गाडी एका नदीकाठी थांबली. दुधात निळं मिसळावं तसं पाणी, मोठमोठे गोटे, आणि त्यावरून लाल होड्या खाली जात होत्या. भाऊ गाडीतून उतरून बघतच राहिला.

"दादा, बसायचं का? एवढ्या नद्या मोजल्या तू, एकीतून वाहून तर जाऊ."

बायको म्हणाली, "हे काय वय आहे?"

मी म्हणालो, "पाणी उतरलेलं आहे. काही होत नाही." उन्हाळा संपत आला होता, काठावर चढलेल्या पाण्याची खूण चार हात वर दिसत होती. एवढं मला खरोखरच कळत होतं.

वाटाड्या पस्तिशीचा असेल. ठेंगणा, दाढी राखलेला, उन्हानं सोललेलं नाक. त्यानं आम्हाला अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख दिले, वरून फुगीर जाकीट आणि टोप. भावजय तर त्या पोशाखात मेल्याहून मेल्यासारखी झाली. तिनं वरून ओढणी गुंडाळून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मीही नदीकडे तोंड केलं.

मग त्यानं आम्हाला गवतावर बोलावलं. वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. पुढे मारा, मागे मारा, थांबा. तो रशियन बोलत होता, मध्ये एखादा इंग्रजी शब्द. शेवटी त्यानं पिशवीतून एक चित्र बाहेर काढलं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. पाण्यात उताणा पडलेला माणूस, पाय वर, पावलं पुढच्या बाजूला. शेजारी दुसरं चित्र, पाण्यात उभा असलेला माणूस, पाऊल दोन दगडांमध्ये, आणि त्यावर लाल फुली. त्यानं फुलीवर बोट आपटलं. मग स्वतः गवतावर उताणा झोपला, पाय गुडघ्यांतून वाकवून वर उचलले, हात पसरले आणि मान उचलून आमच्याकडे पाहिलं. कळलं का, असं.

भाऊ म्हणाला, "हा तर शवासन करून राहिला."

आम्ही हसलो. तो हसला नाही. उठला आणि आम्हाला एकेकाला खूण केली. तुम्ही झोपून दाखवा. आधी माझ्या बायकोला, मग भावजयीकडे वळला. भावजयीनं ओढणी गच्च धरली. भासऱ्यासमोर, असल्या कपड्यांत, गवतावर पाय वर करून झोपायचं! तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. त्यानं पुन्हा खूण केली. तो हटून बसला होता. मला त्या माणसाचा राग आला. आमच्या बायकांची ही काय थट्टा, असं वाटलं. मी पुढे झालो.

"ओके, ओके. ऑल अंडरस्टँड," मी म्हणालो. "आय इंजिनियर. रिव्हर इंजिनियर."

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. अंगठा वर करून विचारलं. मी अंगठा वर केला. त्यानं चित्र पिशवीत ठेवलं आणि एक कागद पुढे केला. तो त्यांच्या लिपीत होता. मी चौघांच्या वतीनं सही केली.

कोणीच झोपलं नाही.

मग मी आमच्या तिघांकडे वळलो आणि म्हणालो, "हे पाहा, कोणी पडलंच तर घाबरायचं नाही. उतरलेलं पाणी आहे. पाय टेकवायचे, उभं राहायचं."

त्यानं काय सांगितलं ते मला कळलं नव्हतं असं नाही. फुली कळली होती. पण नदीबद्दल मला कोणी चित्र दाखवून शिकवावं, हे मला पटलं नाही. मला वाटलं हा नियम परदेशी लोकांसाठी असेल, ज्यांना नदी माहीत नाही त्यांच्यासाठी.

होडीत भाऊ उजवीकडे पुढे, मी डावीकडे पुढे, बायका मागे, आणि सगळ्यांत मागे तो, लांब वल्हं घेऊन. पहिला अर्धा तास मजेचा गेला. पाणी अंगावर उडायचं, इतकं थंड की दात वाजायचे. भाऊ मागे वळून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर टोप घालून ठाणेदारीण दिसता." ती म्हणाली, "समोर बघा, नाहीतर पहिली अटक तुमचीच."

पुढच्या वळणाला नदी अरुंद झाली. होडीचं नाक खाली गेलं, एका दगडावर आदळून वर आलं, आणि भाऊ त्या जागी नव्हता. आवाजसुद्धा आला नाही.

तो पंधरा हात पुढे वर आला. लाल जाकीट, पिवळा टोप. जाकिटानं त्याला आपोआप उताणं केलं होतं. डोकं आमच्या बाजूला, मान वळवून आमच्याकडे बघत, पावलं पुढे आणि थोडी वर आलेली. अगदी चित्रातल्यासारखा. हे मी नंतर हजार वेळा पाहिलं आहे. तो बरोबर वाहत होता. काही केलं नसतं तर पुढच्या संथ पाण्यात जाऊन थांबला असता, तिथे दुसरी होडी उभी होती.

त्याच्या चेहऱ्यावर ती महादेवघाटाची भीती होती. त्याच्या दोन्ही बाजूंना गोटे पाण्याबाहेर डोकावत होते. मला वाटलं, उथळ आहे. मी ओरडलो.

"उभा राहा! अरे, उभा राहा!"

मागून वाटाड्या ओरडत होता, "नो! नो! नो!" दोन्ही हात वर उचलून पाय वर, पाय वर, अशी खूण करत होता. भावानं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि उभा राहिला.

क्षणभर तो खरंच उभा होता. पाणी कमरेएवढंच होतं. त्यानं एक हातही वर केला, जमलं दादा, असा. मग कोणी पाठीवर हात ठेवून दाबावं तसा तो कमरेतून पुढे वाकला. पाऊल खाली दगडांत अडकलं होतं. पाणी त्याच्या पाठीवरून जायला लागलं, मग डोक्यावरून. पिवळा टोप पाण्याखाली दिसत होता. तो वाहून जात नव्हता. त्याच जागी होता.

वाटाड्यानं होडी दगडाला टेकवली आणि कमरेला दोर बांधून उडी मारली. पाण्यानं त्याला दोनदा बाजूला फेकलं. तिसऱ्यांदा तो पोहोचला आणि भावाचं डोकं वर धरायला लागला, पण धार त्याला टिकू देईना. दुसऱ्या होडीतले दोघे आले. तिघांनी मिळून पाय सोडवला तोवर फार उशीर झाला होता. काठावर त्यानं भावाची छाती दाबत राहायचं थांबवलंच नाही. त्याच्या सोबत्यानं त्याला ओढून बाजूला केलं. त्याच्या हातांची सालं निघाली होती. तो दगडावर बसून रडत होता, मोठ्यानं. मी रडत नव्हतो. मी काय सांगायचं याचा विचार करत होतो. हेही लिहून ठेवतो.

पोलीस ठाण्यात दुभाषी म्हणून त्यांनी तिथे डॉक्टरकी शिकणारी एक भारतीय मुलगी आणली. वीस-एकवीस वर्षांची, घाबरलेली. तिनं मला हिंदीत विचारलं, "अंकल, ये पूछ रहे हैं, पानी में गिरने पर क्या करना है, गाइड ने बताया था?"

दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर भावजय भिंतीला टेकून बसली होती, बायकोनं तिला धरलं होतं. तिला ऐकू जाईल का, हे मी पाहिलं. मग म्हणालो, "नहीं. कुछ नहीं बताया."

"दिखाया भी नहीं?"

"नहीं."

ती मुलगी तिच्या परीनं नीट विचारत होती. मीच तिला वाव दिला नाही. पुढे भावजयीला विचारलं तेव्हा ती खाली बघून एवढंच म्हणाली, "जो उन्होंने कहा, वही." माझ्या बायकोला म्हणे काही आठवत नव्हतं. वाटाड्या सांगत राहिला की मी दाखवलं, चित्र दाखवलं. पण आम्ही चौघांतले उरलेले तिघे एकीकडे आणि तो एकटा एकीकडे. सही केलेला कागद आम्हाला वाचता न येणाऱ्या लिपीत होता, तेही त्याच्याच विरुद्ध गेलं.

भावाला रायपुरला आणलं आणि खारूनच्या काठीच पोहोचवलं. तेराव्याला नातेवाईक जमले.

"काही शिकवलंच नाही म्हणे त्या पोट्ट्यानं?"

"काहीच नाही."

"आणि असे लोक धंदा करून राहिले!"

मी मान हलवत राहिलो. पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ जड झाली होती. तेराव्यापर्यंत ती सवयीनं चालायला लागली. पुतणीनं वर्षभर पत्रं लिहिली, वकील केला, आणि तिकडचा निकाल आला तेव्हा बापाच्या फोटोला हार घालून रडली. "पापा को न्याय मिल गया," म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बायकोनं एकदाच विषय काढला. ती दवाखान्यात होती, शेवटच्या आजारात. म्हणाली, "तुम्ही त्या पोट्ट्याले फुकट अडकवलं."

"तुला काय कळलं होतं त्याच्या बोलण्यातलं?"

"बोलणं नाही कळलं. दाखवलेलं कळलं."

मी उठून पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा ती झोपली होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन. त्यानंतर घरात आम्ही दोघंच, मी आणि भावजय, आणि मधे निरोप सांगणारं कोणी नाही. सकाळी कामवाली येते तिला ती सांगते, "दीदी, बाबूजी को बोलो, दवाई टेबल पर है." संध्याकाळी कामवाली नसते. मग ती वाटी जरा जोरात ठेवते, मी समजतो जेवण झालं. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी ती इतकी घाबरली होती की माझी हाक तिनं ऐकली नसणार. ती माझ्या मागे दोन हातांवर होती.

इथपर्यंत मी शनिवारी लिहिलं. आज मंगळवार आहे. पुढचं आता लिहितो.

रविवारी पुतणी आली. भावजय स्वयंपाकघरात होती, दाराला पडदा आहे. पुतणीनं विचारलं, "मोठे बाबा, वो पेपर?"

मी म्हणालो, "बस. मी त्यावर सही करणार नाही."

"क्यों?"

"त्यानं सांगितलं होतं. झोपून दाखवलं होतं, चित्र दाखवलं होतं. मी त्याला पुरं करू दिलं नाही. आणि तुझे बाबा पाण्यात नीट वाहत होते. मी ओरडलो, उभा राहा. म्हणून ते उभे राहिले."

तिच्या हातात फोन होता, तो तिनं उलटा करून ठेवला.

"छह साल," ती म्हणाली. "छह साल मैं उस आदमी को... मैंने उसके बारे में क्या-क्या लिखा है, आपको पता है? आपने पढ़ा था. आपने कहा था, अच्छा लिखा है."

"हो."

"मम्मी को पता था?"

मी पडद्याकडे पाहिलं. पडदा बाजूला झाला. भावजय दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. पदर डोक्यावर होता. ती मुलीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. सदतीस वर्षांत मी तिचे डोळे असे समोरून पाहिले नव्हते.

"पुरं सांगा नं," ती म्हणाली. मला म्हणाली. "ते गवतावर झोपले होते. तुम्ही उठवलं."

वर मी लिहिलं आहे की कोणीच झोपलं नाही. ते खरं नाही. शनिवारी लिहिताना मला ते आठवत होतं. हात त्या ओळीवर थोडा थांबला होता, आणि मग पुढे गेला.

बायका झोपायला तयार होईनात तेव्हा भाऊ म्हणाला होता, "थांबा, मी करून दाखवतो, मग त्यांले सोपं जाईल." आणि तो झोपला. उताणा, पाय वर, हात पसरून, जसं दाखवलं तसं. वाटाड्यानं वाकून त्याचे गुडघे थोडे वर केले, पावलं जोडली आणि खूश होऊन म्हणाला, "गुड! गुड!" भाऊ खालून माझ्याकडे बघून हसत होता. साठीचा मास्तर, रबरी कपड्यात, बायकोसमोर आणि वहिनीसमोर पाय वर करून. मला लाज वाटली. मी म्हणालो, "उठ. तमाशा करू नको." तो लगेच उठला आणि पार्श्वभागावरचं गवत झटकलं. मग मी अंगठा वर केला.

"हो," मी भावजयीला म्हणालो. "मीच उठवलं."

पुतणी आईकडे वळली. "मम्मी, और आप? आपने क्यों नहीं बोला?"

"कोणाले बोलू?" भावजय म्हणाली. "मले ठाण्यात विचारलं तेव्हा हे बोलून चुकले होते. भासऱ्यानं एक म्हटलं, मग मी दुसरं कशी म्हणू? तिथे म्हटलं नाही, मग इथे कोणत्या तोंडानं म्हणू? तू हार घालून राहिली होती फोटोले." तिनं बोटांवरची कणीक खरवडली. "मले वाटे, आज बोलतील. वर्षश्राद्धाले बोलतील. ताई गेल्या तेव्हा वाटलं, आता तरी बोलतील."

पुतणी उठली. पर्स उचलली. दारात म्हणाली, "मुझे आप दोनों से अभी बात नहीं करनी." आणि गेली. पोळ्या तशाच राहिल्या.

सोमवारी दुपारी तिचा संदेश आला. "जो सच है वो लिखकर फ़ोटो भेज दीजिए. इंग्लिश मैं कर दूँगी. आगे उन तक पहुँचा दूँगी." बाकी काही नाही. फोन केला तर उचलला नाही.

मी लिहायला बसलो. फायलीवर लिहायचो तसं, क्रमानं. वाटाड्यानं कसं दाखवलं, मी काय सांगितलं, काय ओरडलो, ठाण्यात काय खोटं बोललो. त्याची चूक नाही, चूक माझी आहे, त्याला नदीवर परत जाऊ द्यावं. लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की भावजय टेबलाच्या पलीकडे येऊन उभी आहे. तिनं चष्मा लावला आणि हात पुढे केला. मी कागद दिला. ती ओळीवर बोट ठेवून वाचते. सावकाश, ओठ हलवत. तिनं दोन्ही पानं वाचली, मग पहिल्या पानावर परत आली.

"ते झोपले होते ते लिहिलं आहे," मी म्हणालो.

"लिहिलं आहे. पण कसे झोपले ते नाही लिहिलं."

"म्हणजे?"

"पाय बरोबर वर होते म्हणून लिहा. त्यानं गुड म्हटलं, तेही लिहा." तिचं बोट कागदावरच होतं. "त्यायले जमलं होतं. ते लिहा."

दोन ओळींच्या मधे जागा थोडी होती. मी बारीक अक्षरात लिहिलं: माझ्या भावाला ते जमलं होतं. तिनं ते वाचलं, पेन माझ्या हातातून घेतलं, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. त्यानंतर पेन मला परत दिलं. मी तिच्या नावाखाली सही केली.